कालचाच आकडा

पोलाद कारखान्याच्या मेन गेटाच्या अलीकडे सायकलींची रांग जरा सैल झाली तसा भैयालाल मागून पायडल मारत बरोबरीला आला आणि म्हणाला, "भाऊजी, स्लॅग कावून असा करून राहिला हो? परवापासून सळईवरून गळूनच नाई राहिला. चिकटूनच बसते." बस्स, एवढंच बोलला तो. सकाळचे पावणेसहा, चैत्रातला वारा अजून गार, समोर भट्ट्यांच्या डोक्यावर तांबूस धूर, आणि हा पोट्टा डबा हँडलला अडकवून, कानाला मफलर गुंडाळून हवापाण्याची गोष्ट करावी तसं बोलून गेला. पण केवलरामच्या हातातलं हँडल लचकलं, पुढचं चाक गिट्टीत शिरलं आणि मागून कुणीतरी छत्तीसगढीत दणदणीत शिवी हासडली. त्यानं सायकल कशीबशी सावरली. "चुना जास्त झाला असन," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे का हे त्याला कळेना. "हो जी, साहेबबी तेच म्हनते," भैयालाल म्हणाला आणि त्याच्याबरोबर भट्टीवर असणाऱ्या फकिरानं लांबून हाक मारली तसा पुढं निघून गेला. आता यात दचकण्यासारखं काय होतं असं कुणीही म्हणेल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. भैयालाल म्हणजे त्याच्या बायकोचा, वच्छलाचा धाकटा भाऊ. आठ महिन्यांपूर्वी केवलरामनंच याच्यात्याच्या पाया पडून त्याला भट्टीवर चिकटवला होता, स्लॅगच्या, म्हणजे भट्टीतून वाहणाऱ्या गाळाच्या तोंडाशी. आणि तोच स्लॅग फोडून, दळून, आम्लात विरघळवून त्यात काय आहे ते कागदावर लिहिण्याचं काम लॅबमध्ये केवलरामचं होतं. तीन दिवस त्यानं ते लिहिलं होतं. तीन दिवस ते खोटं होतं.

खोटं असं मुद्दाम ठरवून कोण लिहितं? त्याची सुरुवात एका बीकरनं केली. सोमवारी दुपारी साडेबाराला, सहा तासांचं काम पोटात घेऊन हॉटप्लेटवर बसलेला बीकर तडकन फुटला. लॅबमध्ये सिलिका आणि चुना दर कास्टला, म्हणजे भट्टीतून लोखंड सोडलं की दर वेळी काढायचे, ते लवकर होतात. ॲल्युमिना मात्र दिवसातून एकदाच, कारण त्याला पहाटेपासून दुपारपर्यंत धरून बसावं लागतं. केवलराम काचेचे तुकडे बघत उभा राहिला. इतक्यात दौलतराव आले. दौलतराव लॅबमधले सगळ्यात जुने, नागपूरच्या कुठल्याशा कारखान्यातून आलेले, पान सुटत नाही आणि चूक सापडत नाही असा माणूस. त्यांनी फुटक्या बीकरकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "लिही कालचाच आकडा. ॲल्युमिना काई पळून जाते का बे?" सगळेच असं करतात, हेही त्यांनी सांगितलं. चुना पळतो, सिलिका नाचते, पण ॲल्युमिना कसं, जावयासारखं एकदा बसलं की हलत नाही. केवलरामनं लिहिलं. एकवीस पॉइंट चार. अगदी तंतोतंत तेच नको म्हणून शेवटचा आकडा त्यानं एकनं बदलला, आणि त्या एकानं त्याच्या मनाला केवढा आधार दिला! जणू थोडं तरी काम केलं. मंगळवारी त्याला खरं काढता आलं असतं. पण मंगळवारी सकाळी नमुना हातात घेतला आणि तो विचार आला: आज वेगळा आकडा निघाला तर? मग सोमवारचा कुठून आला, हे कोणीतरी विचारणार. पुढच्या महिन्यात त्याचं कन्फर्मेशन होतं, नोकरी पक्की व्हायची होती, कागद साहेबाच्या टेबलाच्या खणात पडला होता. म्हणून मंगळवारी एकवीस पॉइंट सहा. बुधवारी एकवीस पॉइंट पाच. एका लबाडीला दुसरीचं पांघरूण घालावं लागतं आणि दुसरीला तिसरीचं, आणि पांघरुणाखाली भट्टी चाललेली असते.

आज गुरुवार. त्यानं अंगातला शर्टही न बदलता नमुना ओढला. चिरडलेला स्लॅग बोटांत घेऊन पाहिला. नेहमी काचेसारखा तुटणारा, आज त्याची कड मळकट, दगडी. खाणीतून नवं ओर, लोखंडाचा कच्चा दगड, येत होतं, लाल मातीनं माखलेलं, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. वॅगन उलटल्या की ती माती पायाला चिकटायची. माती म्हणजेच ॲल्युमिना. भट्टीत लोखंड वितळतं तेव्हा कच्च्या मालातला सगळा गाळ वितळून वर तरंगतो, तो स्लॅग. पातळ असला की भट्टी सुखी, गुमान वाहून जातो. पण त्यात ॲल्युमिना चढलं की तो खळीसारखा होतो, हलत नाही, आणि ज्या तांब्याच्या तोट्यांतून भट्टीत गरम वारा जातो त्यांच्या तोंडाशी चढत राहतो. तोट्यांच्या आत पाणी फिरतं. तोटी जळून पाणी फुटलं की पुढं उभ्या माणसाचं काय होतं ते भट्टीवरचा प्रत्येक जण जाणतो आणि कोणी बोलत नाही. उपाय अवघड नाही. डोलोमाइटचा दगड वाढवायचा, भट्टी थोडी जास्त तापवायची, स्लॅग पुन्हा सैल पडतो. फक्त वेळेवर कळायला हवं. ते कळत नव्हतं, कारण केवलराम कळवत नव्हता. कागदावर एकवीस बघून भट्टीवरच्या अरुणकुमार साहेबांनी सगळा दोष चुन्यावर टाकला होता आणि चुना कमी करत आणला होता. म्हणजे आजाऱ्याला उलटं औषध. आणि वैद्य बिचारा नाडी बघूनच देत होता. नाडीच खोटी होती.

आम्ल वाळवून सिलिका वेगळी होईपर्यंत साडेनऊ झाले. खालच्या गाळलेल्या पाण्यात त्यानं अमोनिया ओतला. वास नाकातून थेट कपाळात गेला, डोळे भरून आले, आणि त्याला बरं वाटलं, कारण डोळे भरायला निदान काहीतरी कारण मिळालं. बीकरमध्ये ढगासारखे पांढरे पुंजके जमू लागले. लोखंडाच्या थोड्याशा तांबूसपणात मळलेलं ॲल्युमिना. हे गाळायला बसणं म्हणजे संयमाची परीक्षा. बाकी सगळं भुर्रकन खाली उतरतं, हे कागदावर थबकून राहतं, साबुदाण्याच्या खिरीसारखं, थेंब थेंब. भट्टीत जे करतं तेच इथंही करतं, अडून बसतं. ट्रेनिंगच्या वेळी एका मास्तरनं सांगितलं होतं की ॲल्युमिना दुतोंडी आहे: आम्लाच्या संगतीत आम्लारी होतं, चुन्याच्या संगतीत आम्ल होतं. गंगा गये गंगादास, जमुना गये जमुनादास. वर्गातली पोरं हसली होती. केवलराम हसला नव्हता. साकोलीजवळच्या त्याच्या गावात तो गेला की साहेब होऊन जायचा, बूट घालून बांधावर उभा राहून धानाच्या रोगाबद्दल बोलायचा. आणि इथं लॅबमध्ये 'अबे केवल' म्हटलं की 'हो जी' म्हणून खाली बघायचा. वच्छलाला सांगायचा, भट्टी माझ्या आकड्यावर चालते. दौलतरावांना सांगायचा, आपल्या आकड्याला कोन इचारते. दोन्ही बोलताना तो खरंच बोलतो आहे असं त्याला वाटायचं. हाच तर वाईट भाग होता.

थेंब पडत होते आणि त्याला एकदम बोडी आठवली. बोडी म्हणजे शेताच्या वरचं छोटं तळं. त्या साली पावसानं दगा दिला होता, आणि वडिलांनी, रामाजींनी, त्याला भर दुपारी पाण्यावर ठेवलं होतं. एकोणीस वर्षांचा घोडा झाला होता तेव्हा, मॅट्रिक पास. पाणी एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातून, दुसऱ्या बांधीत सोडायचं, शेवटच्या बांधीत पोचलं की मोरी बंद करायची. तो मोहाच्या झाडाखाली पुस्तक वाचत पडला. संध्याकाळी बापानं विचारलं, "पोचलं का बाबू?" तो म्हणाला, "पोचलं." पोचलं नव्हतं. शेवटची बांधी पिवळी पडली, आणि रामाजींनी दोन वर्षं त्या जमिनीलाच दोष दिला, तिथं शेणखत टाकलं, मुरूम काढला, काय काय केलं. त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं? बाप मारणारा नव्हता. पण महिन्यागणिक ते सांगणं जड होत गेलं, आणि शेवटी असं वाटू लागलं की जमीनच खराब असावी. खरंच असं वाटायला लागलं! माणूस स्वतःला किती सहज फसवतो. फनेलच्या दांडीखाली थेंब लोंबत राहिला होता, पडतच नव्हता. त्यानं काचेला टिचकी मारली. अकरा वीस.

गाळ भाजून झाला, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी त्यानं त्याची क्रुसिबल, ती भाजायची छोटी वाटी, तराजूवर ठेवली. काटा डावीउजवीकडे झुलत थांबला. वजन मांडलं, लोखंड वजा केलं, पुन्हा मांडलं. सव्वीस पॉइंट आठ. सगळ्यात आधी मनात काय आलं? भैयालाल? नाही. लाज वाटण्याची गोष्ट आहे, पण सगळ्यात आधी मनात आला तो कन्फर्मेशनचा कागद. एका रात्रीत एकवीसचे सव्वीस होत नाहीत. शेंबडं पोरगंही विचारेल, कालपर्यंत काय झोपला होता काय? मग दुसरा विचार, जरा शहाण्यासारखा कपडे घालून आला: सिलिका नीट भाजली नसेल तर ती खाली उतरते आणि ॲल्युमिना फुगवते, कदाचित हा आकडाच चुकला असेल. पण सिलिका त्यानं आज दीड तास भाजली होती, हे त्याला ठाऊक होतं. आणि मग तिसरा विचार आला, आणि तो इतका सोयीचा होता की केवलरामला हायसं वाटलं. जिना करायचा. आज तेवीस, उद्या पंचवीस, परवा सव्वीस पॉइंट आठ. ओर हळूहळू बदललं असं दिसेल. साहेबही हळूहळू डोलोमाइट वाढवतील. कुणाचंच काही बिघडणार नाही.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. "केवलराम? एल्युमिना बोलो जल्दी." अरुणकुमार साहेब, कानपूरकडचे, पोरसवदा पण भट्टीवर जीव टाकणारे. त्यांच्या मागं पंख्याचा आणि वाऱ्याचा घरघराट ऐकू येत होता. "तेवीस पॉइंट एक साब," केवलराम म्हणाला. "तेईस? बस?" साहेब म्हणाले. "फिर तो चूना ही है. ठीक है, हम लोग स्लॅग होल खोल रहे हैं, लड़के लगे हैं." आणि फोन ठेवला. लड़के लगे हैं. म्हणजे भैयालाल, फकिरा, आणखी पाच जण, लांब सळया घेऊन स्लॅगच्या तोंडाशी, तोट्यांच्या पुढ्यात. केवलराम रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. लॅबमध्ये कोणी नव्हतं, दौलतराव कँटीनला गेले होते. खिडकीतून भट्टी दिसत होती, तिचं पोट, तिच्याभोवतीचे जाड नळ, जिन्यावरून खालीवर जाणारी मुंग्यांएवढी माणसं. त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला. वहीत २३.१ लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत राहिला. मग त्याला कारण नसताना सकाळचा डबा आठवला. वच्छला दोन डबे भरते, एकसारखे, पितळी. गोंधळ नको म्हणून भैयालालच्या डब्याला तिनं लाल दोरा बांधला आहे. ती रोज सकाळी दोरा ओढून बघते, घट्ट आहे की नाही. अरे, आपण काय केलं हे? तो मोठ्यानं बोलला, रिकाम्या लॅबला. त्यानं फोन उचलला. एंगेज. ठेवला, उचलला. एंगेज. धावत जावं तर भट्टी पाऊण मैल. पुन्हा उचलला. घड्याळात बारा चोवीस. "हां, बोलो!" "साब, सव्वीस पॉइंट आठ! दुबारा किया साब, सव्वीस पॉइंट आठ! लोगों को हटाओ!" पलीकडं साहेबांनी रिसीव्हर तसाच सोडला असावा, कारण त्यांचा आवाज लांब जाताना ऐकू आला, हटो, सब हटो, हवा कम करो. केवलराम ऐकत राहिला. मग फोनमधून आणि खिडकीतून, दोन्हीकडून एकदमच, एक बसका आवाज आला, आणि भट्टीच्या पोटाशी पांढरी वाफ उसळली.

फकिराचे दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. बाकीचे सहा जण हाक ऐकून मागं सरले होते. फकिरा सळई ओढून काढत होता, सळई स्लॅगमध्ये रुतली होती, त्याला ती सोडवेना. भैयालाल पाच पावलांवर होता. हे सगळं केवलरामला दीड वाजता कळलं, तोवर त्यानं भिंतीला टेकून किती वेळ काढला ते त्याला सांगता आलं नसतं. दोन वाजता अरुणकुमार साहेब स्वतः लॅबमध्ये आले. चेहरा काजळीनं भरलेला, डोळे लाल. केवलरामला वाटलं, आता. पण साहेबांनी त्याचा खांदा धरला आणि हिंदीत म्हणाले की तू पुन्हा करून पाहिलंस म्हणून सहा माणसं वाचली, मी वरपर्यंत कळवलं आहे, डोलोमाइट चढवायला सांगितलं आहे. कारखाना उभारायला आलेले रशियन साहेबही मागं उभे होते, त्यांनीही मान हलवली. कन्फर्मेशनची काळजी करू नकोस, असंही कोणीतरी म्हणालं. दौलतराव पान चघळत वहीकडं बघत होते. वहीत सोमवारपासूनचे आकडे ओळीनं होते, शेवटी २३.१ खोडून २६.८. त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली, हळूच. सगळं सुखरूप मिटलं होतं. केवलराम बाहेर नळाकडं धावला आणि त्यानं डोकं धारेखाली धरलं.

संध्याकाळी भैयालाल फकिराला बघून दवाखान्यातून आला तेव्हा दिवेलागण झाली होती. वच्छलानं त्याला दारातच थांबवून त्याच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या, चुलीत टाकल्या, आणि रडून घेतलं. मग दोघांची ताटं वाढली. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि भैयालालच्या भातावर तुपाची धार जरा जास्त. तो बकाबका जेवत होता, मरण बघून आलेला माणूस जेवतो तसा, आणि घास तोंडात असतानाच बोलत होता. "ताई, भाऊजीनं दुसऱ्यांदा करून नसतं पायलं ना, तं आज सातही जनं गेलो असतो. समदे म्हनून राहिले, लॅबवाला केवलराम देवमानूस हाये." वच्छलानं नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. या नजरेसाठी केवलरामनं तिला किती खोट्या बढाया ऐकवल्या होत्या! आज ती नजर मिळाली होती, आपसूक, पुरेपूर. काही करायचं नव्हतं. भात कालवायचा, खाली बघायचं, 'जाऊ दे गा' म्हणायचं. दोन वर्षांनी त्याला स्वतःलाही वाटायला लागलं असतं की आपण दुसऱ्यांदाच केलं होतं.

"दुसऱ्यांदा नाई केलं," तो म्हणाला.

भैयालालचा हात ताटात थांबला. "काय जी?"

"सव्वीस पहिल्याच वेळी आलं होतं. बारा दहाले. साहेबाले तेवीस म्यांच सांगितलं."

"मंग तेवीस कोठून आनलं?"

"मनानं."

चुलीवर पाणी खदखदत होतं. वच्छला वरणाचा डाव हातात धरून तशीच बसली होती. भैयालाल जणू भाषा न समजल्यासारखा त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "अना कालचं? परवाचं? साहेब रोज आमाले सांगे, ॲल्युमिना एकवीस हाये, घाबरू नका, चुना हाये."

"तेबी मनानं," केवलराम म्हणाला. "सोमवारपासून." आणि मग त्याला थांबवेना. बीकर सांगितला, कन्फर्मेशन सांगितलं, जिना सांगितला. चौदा मिनिटं सांगितली, एकेक करून. रडला नाही. रडण्याचाही आपल्याला अधिकार नाही असं त्याला वाटत होतं.

भैयालालनं तांब्या उचलला आणि अर्ध्या भातावरच हात धुतला. घरात असं कधी कोणी केलं नव्हतं. वच्छलाच्या तोंडून "अरे..." एवढंच निघालं. तो उठला, खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. त्याला वाटलं असतं तर तो मारू शकला असता, आणि केवलरामला ते बरं वाटलं असतं.

"फकिरा शुद्धीवर हाये," भैयालाल म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याची बायको, पंचफुला वहिनी, उशाशी बसून हाये. तो मले इचारत होता, भैया, सळई म्यां सोडाले पायजे होती ना, माह्याच चुकीनं झालं ना. दहा वेळा इचारलं त्यानं. म्यां म्हनलो, हो रे, तूच सोडली नाई." त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. "चला. त्याले सांगा चूक कोनाची होती."

"आता?" केवलरामनं विचारलं.

उत्तर वच्छलानं दिलं. ती उठली, कोपऱ्यातल्या नवऱ्याच्या चपला हातानं उचलल्या, आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या, तोंड रस्त्याकडं करून.